शिगेची फेरी

हवालदारांबरोबर एस.टी.नं कुठं जायचं म्हणजे दोन गाड्यांचा वेळ हाताशी ठेवावा लागे. आठची गाडी धरायची असली, तर ते सातला म्हसवडच्या स्टँडवर हजर. सातची गाडी येई, तिच्यात जागा असे, मी पुढे होई, आणि ते हात आडवा धरत. आपली गाडी यायच्या आधी एक गाडी डोळ्यांदेखत जाऊ द्यायची, असा त्यांचा नियम होता. मग आठची येई. तीत पाय ठेवायला जागा नसे. दांडीला लोंबकळत ते समाधानानं म्हणत, "बघ, कशी वेळंवर गावली." अशा माणसाच्या हाताखाली मी माझ्या उमेदीचे दोन महिने काढले. आणि ते महिने साधे नव्हते. मी परदेशी जाणार की कोरेगावला परत येणार, हे त्या दोन महिन्यांवर ठरायचं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं शेवटचं वर्ष करत होते. त्या वर्षी कॉलेजकडे पूर्व जर्मनीतल्या एका क्रीडा प्रबोधिनीचं पत्र आलं. तिथं चार महिने राहून, खेळाडू कसे तयार करतात ते बघत, हाताखाली काम करत शिकायचं. जागा एक. आमच्या सरांनी त्यासाठी सरळ कसोटी ठेवली. प्रत्येकानं दोन महिने एकेका सराव केंद्रावर जायचं, एक धावपटू निवडायचा, पहिल्या आठवड्यात त्याची आठशे मीटरची वेळ वहीत लिहायची आणि शेवटी त्याला कॉलेजच्या मैदानावर आणून सगळ्यांसमोर पळवायचं. ज्याचा धावपटू सगळ्यात जास्त सेकंदांनी सुधारेल, तो जर्मनीला जाणार.

आमच्या घराण्यात परदेश बघितलेले पुरुष तीन, आणि तिघंही बंदूक घेऊन गेलेले. वडील इटलीच्या गोष्टी सांगत त्या सगळ्या चिखलाच्या असत. त्या देशात चिखलाखेरीज काही आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. बायकांपैकी पुण्याच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. मला बंदुकीशिवाय परदेश बघायचा होता, आणि तो मला इतका बघायचा होता, की पत्र आल्यापासून मी जेवताना सुद्धा सेकंद मोजत असे.

केंद्रं वाटली तेव्हा माझ्या एका वर्गमित्राला सांगलीतलंच मिळालं. तारेचं कुंपण, आखलेली मार्गिका, प्यायला नळ. मला मिळालं म्हसवड. तिथं माणगंगेच्या काठाला एक माळ, माळावर पत्र्याची खोली आणि त्या खोलीपुढे खाकी अर्ध्या चड्डीत उभे असलेले हवालदार. पलटणीत ते कवायत शिकवत. पेन्शन घेऊन गावी आले, आणि मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरांतल्या नऊ पोरी गोळा करून त्यांना पळवायला लागले. का, ते कोणाला माहीत नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणत, "पळतात म्हून."

"कालेजातनं आलीस?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. "पळतीस, का नुसती लिवतीस?"

"दोन्ही."

"मग आदी पळ."

मी हातातली ट्रंक खाली ठेवली आणि पळाले. पाच तास एस.टी.त बसून आलेली मी, दोन फेऱ्यांत छातीचा भाता झाला. ते शेजारी उभे राहून मोजत होते, "लाभ... दोन..."

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आमच्या कोरेगावातही म्हणतात. पण पळण्याची फेरी म्हणजे ज्वारीची पायली नव्हे, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. तो लाभ ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी झाले नाही, कारण मला धाप लागली होती.

हवालदारांचा खरा आजार होता शीग. पायली भरली, की हिशेबी माणूस काठावरून हात फिरवतो आणि वरचे दाणे खाली पाडतो. मोकळ्या मनाचा माणूस हात फिरवत नाही. काठाच्या वर राहतील तेवढे दाणे राहू देतो. ती शीग. देवाला, पाहुण्याला, राबणाऱ्या माणसाला माप घालायचं ते शिगेनं, ही रीत जुनीच आहे. पण ती धान्यापुरती असते. हवालदारांनी ती सगळ्या जगाला लावली होती. पोरींच्या वीस बैठका झाल्या, की एकविसावी "नाथाची". ही सिद्धनाथाच्या नावाची बैठक कोणालाही चुकत नसे, मलाही नाही. चहा बशीत सांडल्याशिवाय कप भरला असं ते मानत नसत. कॉलेजला पाठवायचं माझं पाकीट त्यांनी स्वतः टाकलं आणि त्याच्यावर एक तिकीट जादा चिकटवलं. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, टपालवाल्याला लांबनं चालत यायचं असतं.

मी त्यांच्याच घरी राहत होते. ताटात दोन भाकरी खाऊन मी हात वर केला, की तिसरी पडायची. मीठ त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, ताब्यात होतं, म्हणून त्या घरात कोणी जगलं. काकी एकदा मला म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली, मला सरळ मापाचं लुगडं ठाव न्हाई. नऊवारी मागितलं की धा वार आनत्यात. वरच्या वाराची मी फडकी करती. बघ, घरात फडकी किती हायती."

"मापात हात राखला, की नशीब बी हात राखतंय," हे हवालदारांचं आवडतं वाक्य. दिवसातून चारदा ऐकावं लागे. पाचव्यांदा ते म्हणत नसत, काकी म्हणत.

मी तानीला निवडलं होतं. सोळा वर्षांची, काटक, बोलायला महाग. मेंढरू कळप सोडून गेलं की तानीनं धावून ते वळवून आणायचं, अशा शाळेत तिचे पाय तयार झाले होते. कॉलेजच्या शिक्क्याचं स्टॉपवॉच मी सही करून आणलं होतं आणि जिवापाड जपत होते. पहिल्या आठवड्यात मी तानीची आठशेची वेळ घेतली. दोन मिनिटं अठ्ठावन्न. शाईनं वहीत लिहिली. वहीच्या प्रत्येक पानावर नंबर होता, खाडाखोड चालणार नव्हती.

त्या स्टॉपवॉचचं हवालदारांशी वैर होतं. "घड्याळ पळतंय, का पोरगी?" असं विचारून ते बरोब्बर माझ्या आणि शेवटच्या दगडाच्या मधे येऊन उभे राहत. फेरीभोवती पलटणीत लावतात तसे चुना दिलेले दगड होते. मी डावीकडे सरकले की ते डावीकडे. मी रागावले, की माझी कॉलेजची भाषा गळून पडायची. "आवं हवालदार, सरका की वाइच," मी ओरडायची. ते सरकत, पण तोवर तानी पुढे गेलेली असे.

पाच आठवडे मी रक्ताचं पाणी केलं. चढावर पळवलं, वाळूत पळवलं, पुस्तकातलं सगळं केलं. वेळ दोन चोपन्न. सांगलीहून वर्गमित्राचं पत्र आलं होतं, त्याचा धावपटू पाच सेकंदांनी सुधारला होता आणि अजून सुधारत होता. शिवाय त्याच्याकडच्या वेळा अडीचच्या घरात होत्या. माझ्या डोळ्यांना तर तानी चांगली पळताना दिसत होती. मग काटा असा का अडतो? एका दुपारी मला शंका आली. रस्त्याच्या कामावरच्या ओव्हरसियरकडून मी मोजायची लांब टेप मागून आणली, एक टोक तानीच्या हातात दिलं आणि फेरी मोजली. चारशे सव्वीस मीटर. पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच.

हवालदार पत्र्याच्या सावलीत बुटाला पॉलिश करत बसले होते.

"हवालदार, ही फेरी चारशेची न्हाई."

"व्हय."

"व्हय म्हंजे? तुमाला ठाव हाय?"

"मीच घातलीया की. चारशे, आनि वर शीग."

"पळायच्या मैदानाला शीग घालतं का कुनी?"

"मग काय पोरींना हात फिरवून देऊ? दुकानात बसल्यागत?" त्यांनी बूट खाली ठेवला. "चारशेवर थांबायची सवं लागली, की पोरगी साडेतीनशेलाच मनात थांबती. म्हून जरा वर पायजे."

यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. मी त्यांना शांतपणे समजावलं. म्हणजे मी शांत आहे असं मला वाटत होतं. काकी नंतर म्हणाल्या, की आवाज नदीपलीकडे जात होता. मी म्हटलं, माझं जर्मनीला जाणं या वेळांवर आहे. वहीत फेरी चारशेची लिहिली आहे, ती चारशे सव्वीसची आहे एवढं तुम्ही खाली लिहून सही करा, मी सगळ्या वेळा नव्यानं काढते. केंद्रप्रमुखाच्या सहीशिवाय सर मानणार नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले.

"चुकली असं लिवू नका. नुसतं चारशे सव्वीस लिवा."

"शीग मोजायची नसती, पोरी. मोजली, की तिचं बी माप झालं."

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी ते तीन दिवस माझ्या ताटात चौथी भाकरी घातली. सही केली नाही ती नाहीच. वही होती तशी राहिली, आणि मी मनातल्या मनात जर्मनीवर पाणी सोडलं.

शेवटी सांगलीचा दिवस उजाडला. हवालदार, तानी आणि मी, अर्थातच दुसऱ्या गाडीनं, विश्रामबागेत पोचलो. मैदान भरलं होतं. तानीनं आयुष्यात पहिल्यांदा आखलेली मार्गिका बघितली आणि वाकून पांढरी रेघ बोटानं पुसून बघितली. मग पळाली. शेवटची रेघ तिनं एकटीनं ओलांडली आणि थांबलीच नाही. घड्याळं बंद झाली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि ही आपली जोर लावून पळतेच आहे. पुढे पन्नासेक मीटर गेल्यावर तिला वाटलं आता झालं, मग थांबली. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला ते पन्नास मीटर ओळखीचे होते.

वेळ होती दोन एक्केचाळीस.

वहीतली पहिली वेळ दोन अठ्ठावन्न. सतरा सेकंद. माझा वर्गमित्र नऊवर होता, बाकीचे चार-पाचवर. मला गणित येत होतं, फक्त रागाच्या भरात ते आधी केलं नव्हतं. फेरीतले जादा मीटर काढून टाकले, तर तानी पहिल्या आठवड्यातही दोन सत्तेचाळीसला पळत होती. खरी सुधारणा सहा सेकंदांची. बोलायला महाग तानी सोडली, तर फेरीचं हे त्या मैदानात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला ती गोष्ट रस्त्यावर भेटेल त्याला अभिमानानं सांगायची खोड होती.

सरांनी हवालदारांना बोलावलं. "सतरा सेकंद म्हणजे नवलच आहे, हवालदार. माळावरून इथं आल्यावर फरक पडतो हे मान्य. पण तुमच्याकडची फेरी नक्की किती मीटरची आहे?"

मी संपले. आता ते छाती पुढे काढून शीग म्हणजे काय ते सांगणार, लाभापासून सुरुवात करणार. मला 'सर, मी सांगते' असं म्हणता आलं असतं. मी बुटाच्या नाडीकडे बघत राहिले. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं असावं, कारण ते जरा थांबले.

"चारशे," ते म्हणाले.

"मोजलेली?"

"व्हय. हात फिरवून मोजल्याली."

सरांना ते बोलणं कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली आणि वहीवर सही केली. हवालदारांनी कॉलेजचा चहा अर्धा ठेवला. स्टँडवर समोर आली त्या पहिल्याच गाडीत ते तानीला घेऊन बसले आणि माझ्याकडे वळून न बघता गेले.

माझी निवड झाली. कोरेगावात वडिलांनी आळीभर सांगितलं. पासपोर्टसाठी फोटो काढला, त्यात मी दचकल्यासारखी दिसते. आठ दिवसांनी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन मी म्हसवडला गेले. लाज वाटत होती, पण आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम वाटतं तेव्हा माणूस पेढे नेतो.

माळावर हवालदार एकटेच राबत होते, पलीकडे तानी फेऱ्या मारत होती. हातात पहार. ओव्हरसियरची टेप जमिनीवर पसरलेली. वळणावरचे दगड ते एकेक करून उपटत होते आणि आत सरकवत होते. अर्धी फेरी झाली होती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"हे काय चाललंय?"

"चारशे करतोय."

"कुनी सांगितलं तुमाला? कोन बघायला येनार हाय?"

"कुनी न्हाई. मी चारशे बोललोय ना? मग चारशेच पायजे." त्यांनी टेप माझ्याकडे केली. "धर ते टोक. मला आकडं दिसत न्हाईत नीट."

मी टोक धरलं. मी काय करायला हवं होतं? ज्या माणसानं बायकोच्या लुगड्यात वार जादा घेतला, टपालवाल्याला तिकीट जादा लावलं, तो माझ्यापायी आपल्या पोरींचं माप हात फिरवून सपाट करत होता. आणि मी पेढे घेऊन आले होते. मला त्यांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात तानी पळत आली. नव्या दगडापाशी हवालदार ओरडले, "थांब की, झालं." ती थांबली नाही. जुना दगड निघून जिथं खड्डा राहिला होता, तिथवर गेली, मग चालत परत आली. "आत्ता झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला सरांच्या खोलीत होते. सगळं सांगितलं, चारशे सव्वीस, सहा सेकंद, सगळं. सर बराच वेळ वही उलटत बसले.

"हे त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"जायचं होतं म्हणून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या जागी वर्गमित्र गेला. निघण्याआधी तो मला भेटायला आला आणि मी त्याच्याशी धड बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. वडिलांना कळवलं, तर ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिकडं चिखल लय."

उरली होती ती म्हसवडची वारी. हवालदारांना हे माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं होतं, की ते पाठीवर हात ठेवतील. शाब्बास म्हणतील. निदान मान तरी हलवतील. एवढं मोठं काही हातचं घालवून आलेल्या माणसाला एवढी अपेक्षा असतेच.

फेरी पुरती चारशेची झाली होती. दगडांना नवा चुना दिलेला. हवालदार पत्र्याच्या सावलीत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझं बोलणं संपलं तसे ते उठले, कोपऱ्यातली पहार घेतली, पहिल्या दगडापाशी गेले आणि तो बाहेरच्या अंगाला ढकलायला लागले. मी मदतीला वाकले.

"म्हंजी सरांना कळलं, मी खोटं बोललो त्ये?" त्यांनी दगडाकडे बघतच विचारलं.

"व्हय."

"मग आता सरळच झालं सगळं." दगड हलला, तसे ते पहारीवर टेकून उभे राहिले. "पलटनीत बावीस वर्सं काढली. जलमात एकदा खोटं बोललो, पोरी, ते बी तुज्यासाठी. आनि तू त्ये वाया घालवलंस."